‘व्हेअर ईगल्स डेअर’ आणि आमच्या मामाचं भाषांतर

गोदाकाठचा (धागाकर्ता)

परवा पोराला ‘व्हेअर ईगल्स डेअर’ हा दुसऱ्या महायुद्धावरचा जुना इंग्रजी पिक्चर दाखवला. पोरगं बारावीत आहे, म्हणजे एका हातात मोबाईल आणि दुसऱ्या हातात त्याचा चार्जर. पहिला अर्धा तास त्यानं मान वर केली नाही. बर्फाच्या डोंगरावरून विमान चाललंय, मागं ताशा कडकडतोय, माणसं पॅराशूट घेऊन उड्या मारतायत आणि हा आपला खाली बघून हसतोय. म्हटलं, गेला बाजार उठून तरी जाऊ नये.

मग किल्ल्यातल्या दिवाणखान्याचा प्रसंग आला. जर्मन अधिकारी, शेकोटी, दारूचे पेले. रिचर्ड बर्टन बंदूक रोखून आत येतो आणि थोड्या वेळानं आपल्याच जोडीदाराला, क्लिंट ईस्टवूडला, हत्यार खाली ठेवायला लावतो. पोरानं मोबाईल गादीवर पालथा टाकला. म्हणाला, "थांबा पप्पा, मग हा कुणाचा माणूस?"

हाच प्रश्न मी १९८६ साली परभणीत माझ्या मामाला विचारला होता.

गणपतीत गल्लीनं व्हीसीआर भाड्यानं आणला होता. आधी बायामाणसांसाठी देवाचा पिक्चर, मग एक मारधाडीचा, आणि रात्री दोनला सगळे पेंगायला लागले की इंग्रजी. मामा कृषी विद्यापीठात क्लार्क, म्हणून त्याला इंग्रजी येतं असा गल्लीचा समज. खरं तर त्याचं इंग्रजी बियाण्याच्या पिशवीवरचं. पण खुर्ची टीव्हीला लावून तो गल्लीला पिक्चर समजावून सांगायला बसला.

"हे सगळे आपले. वरचा किल्ला जर्मनचा. आपला एक अमेरिकन जनरल तिथं धरून ठेवलाय, त्याला सोडवायचाय. एवढंच. बाकी नुसता बर्फ."

मग एक जण मेला. "पडून मेला," मामा म्हणाला. थोड्या वेळानं, "पडून नाही, कुणीतरी मान मोडली." कुणी मोडली? "दम धरा की."

आणि मग तो दिवाणखाना. मामा खुर्चीतून उठलाच. "मायला, हा बी जर्मनचाच निघाला!" सगळी गल्ली जागी. दोन मिनिटांनी, "नाही नाही, हा आपलाच, ते तिघं त्यांचे." परत, "नाही... थांबा..." शेवटी मामानं हात टेकले. "मी काही सांगत नाही आता. बघा तुमचं तुम्ही."

मला पुढं इंग्रजी समजायला लागल्यावर कळलं की मामाचं काही चुकलेलं नव्हतं. पिक्चरच तसा आहे. बर्टन त्या हॉलमध्ये जर्मनांना सांगतो की मी तुमचाच, माझ्या पथकातले हे तिघं तोतये. खरे असतील तर इंग्लंडातल्या आपल्या हेरांची नावं लिहून दाखवू देत. ते बिचारे जीव वाचवायला भराभरा वह्या भरतात. आणि बर्टनची स्वतःची वही? कोरी! त्या जनरलला सोडवायला कुणी आलेलंच नव्हतं. तो जनरलसुद्धा नट. सगळा खटाटोप त्या तीन वह्यांसाठी.

माझं म्हणणं एवढंच की ह्या पिक्चरची ओढ गोळीबारात नाही. गोळ्या कुणीही झाडतं. ओढ आहे ती गोष्ट पोटात ठेवणाऱ्या माणसाची. मी गंगाखेड तालुक्यातल्या ज्या गावात वाढलो तिथं पाहुणा एसटीतून उतरून घरी पोचायच्या आत चुलीवर आधण ठेवलेलं असायचं. कुणाची सोयरीक कुठं मोडली, कुणाच्या सातबाऱ्यावर किती बोजा चढला, सगळं पारावर. अशा गावच्या पोराला, अख्खा डाव डोक्यात घेऊन शांत चेहऱ्यानं सिगारेट ओढणारा माणूस देवासारखाच वाटणार.

तुमचं काय? फक्त एक विनंती. शेवटी जे नाव उघड होतं ते कुणी फोडू नका. पोराला झोप आली, शेवटची वीस मिनिटं राहिलीत.

---

बालाघाट

लई भारी लिहिलंय. मामाला दंडवत.

पण गोळीबार काढून टाकू नका राव. ईस्टवूड दोन्ही हातात मशीनगन घेऊन बोळात उभा राहतो, तिथं आमच्या वसतिगृहात शिट्ट्या पडायच्या. आता नोकरी लागल्यावर अक्कल आली म्हणून हिशोब केला. ती एमपी ४०, मॅगझिनमध्ये ३२ गोळ्या, वेग मिनिटाला साधारण ५००. म्हणजे घोडा दाबून धरला तर चार सेकंदांत खेळ खलास. भावानं त्या बोळात किती वेळ झाडल्या ते मोजा आणि मला कळवा.

तरी बी शिट्टी वाजवणार.

---

हुरडा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

हिशोबच काढायचा तर हेलिकॉप्टर विसरले का? गोष्ट १९४३-४४ च्या हिवाळ्यातली आणि जर्मन जनरल किल्ल्यात उतरतो ते अमेरिकन बेल ४७ मधून, ज्याचं पहिलं उड्डाण डिसेंबर १९४५ चं. युद्ध संपलं तरी हे हेलिकॉप्टर निघालेलं नव्हतं.

---

प्रोजेक्टरवाला

सत्तरी गाठली, टायपिंगला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

मी १९७४ च्या सुमारास एका तालुक्याच्या गावी टॉकीजमध्ये ऑपरेटरच्या हाताखाली होतो. टॉकीजचं नाव सांगत नाही, मालकांची नातवंडं चांगली आहेत. रविवारी सकाळी इंग्रजी खेळ असायचा. गर्दी कॉलेजची पोरं, दोनचार डॉक्टर, वकील, आणि इंग्रजी पिक्चर म्हणजे काहीतरी बघायला मिळेल ह्या आशेनं आलेली बाकीची जनता. ह्या पिक्चरमध्ये तसं काही नाही हे कळेपर्यंत तिकिटाचे पैसे गेलेले.

तेव्हा दोन मशीन असायची, कार्बन पेटवून उजेड करायचा. दोन हजार फुटांचं रीळ बावीस मिनिटं चालतं. पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका दिसला की दुसरं मशीन चालू करायचं. पिक्चर अडीच तासांच्या वर, म्हणजे सात-आठ डबे. त्या दिवशी उस्तादांना ताप होता आणि मी एकटाच. मधला एक डबा आधी लावला आणि त्याच्या आधीचा नंतर.

माझ्या लक्षात आलं तेव्हा घाम फुटला. आता लोक खुर्च्या मोडणार. मी कॅबिनच्या भोकातून खाली बघतोय. कुणी हूं का चूं केलं नाही! मेलेला माणूस परत चालत आला तरी कुणाला काही वाटलं नाही. तसंही कोण कुणाचा हे कुणाला कळत नव्हतं, त्यात एक जिवंत झाला तर झाला. खेळ सुटल्यावर एक प्राध्यापक तेवढे वर आले. मी पाय धरायच्या तयारीत. ते म्हणाले, "फ्लॅशबॅक फार धाडसी वापरलाय."

पुढच्या रविवारी नीट क्रमानं दाखवला. तेच प्राध्यापक परत आले होते. म्हणाले, "मागच्या वेळी जास्त चांगला वाटला."

---

गोदाकाठचा

काका, हसून हसून पुरेवाट. वेगळा धागा काढाच. कार्बन, ठिपका हे सगळं सविस्तर येऊ द्या.

---

अर्धा_कप

मी जरा वेगळ्या बाजूनं. इथं अजून एकाही पुरुषाला पिक्चरमधली हेर मेरी आठवलेली नाही.

बर्टन आणि ईस्टवूड रोपवेच्या डब्याच्या टपावर बसून वर जातात ते सगळ्यांना पाठ. पण त्यांना किल्ल्यात ओढून घ्यायला दोर कोण सोडतं? मेरी. ती त्याच विमानातून सगळ्यांच्या मागून उडी मारते, बर्टन सोडून बाकी पथकाला तिचा पत्ता नसतो. आणि किल्ल्यात शिरते ती मोलकरीण म्हणून. गावातल्या गुत्त्यात हायडी नावाची दुसरी हेर आधीपासून दारूचे पेले वाटतेय. जर्मन अधिकारी तिच्याशी लगट करतात, तिच्याकडं कुणी बघत मात्र नाही.

ही एक गोष्ट लिहिणाऱ्याला बरोबर कळली होती. गोदाकाठचा, तुमच्या पारावर सगळं कळायचं म्हणता ना, ते पारावर पोचायचं कुठून? धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईला कुठल्या घरात काय शिजतं, कोण कुणाशी बोलत नाही, कपाटाची किल्ली कुठं असते, सगळं ठाऊक असतं. तिनं ठरवलं तर अख्खं गाव एका दुपारीत उघडं पडेल. बहुतेक जणी तसं करत नाहीत.

आणखी एक. बर्टन इथं झकास दिसतो, पण हेर म्हणून त्याचं खरं काम बघायचं तर १९६५ चा ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ बघा. काळापांढरा, एकही रोपवे नाही. थकलेला, दारू प्यालेला, आपल्याच वरिष्ठांनी वापरून घेतलेला माणूस. तोच नट तीन वर्षांनी बर्फात जाऊन कोऱ्या वहीवर अख्खं जर्मन मुख्यालय नाचवतो. पहिला बघितला की दुसरा लहान मुलांचा वाटतो.

---

बालाघाट

लहान मुलांचाच आहे की. म्हणूनच आवडतोय.

---

मन्याड

अर्धा_कप ताईंना मेरीबद्दल +१. बाकी कंधारकडून हजेरी.

आमच्याकडं हेर पश्चिमेकडून नाही आला, पूर्वेकडून आला. देगलूर-बिलोलीच्या पलीकडं तेलुगू मुलूख. तिकडचा १९६६ चा ‘गूढचारी ११६’, त्याच्यावरून हिंदीत १९६७ चा ‘फर्ज’. जितेंद्र, पांढरे बूट, एजंट ११६. आणि ईगल्स आला त्याच १९६८ साली रामानंद सागरांचा ‘आँखें’, धर्मेंद्रवाला. आमच्या वडिलांना हेर म्हटलं की धर्मेंद्रच. बर्टन त्यांना पोस्टमास्तर वाटतो.

फरक एकच बघा. आपला हेर मधेच गाणं म्हणतो. छुपा माणूस बागेत नाचायलाय आणि शत्रूला पत्ता नाही. त्याच्यापेक्षा तुमचं ते बेल ४७ परवडलं.

पण गोदाकाठचा, गाव काही पोटात ठेवू शकत नाही हे जे लिहिलंत ते मला मान्य नाही. त्यावर रात्री लिहितो, आता सोयाबीनची गाडी लागलीय.

---

देवगिरीकर

किल्ल्याचा विषय निघाला म्हणून.

सिनेमातला किल्ला खरा आहे. ऑस्ट्रियात साल्झबुर्गच्या दक्षिणेला ४० किलोमीटरवर होहेनवेर्फेन, अकराव्या शतकातला. पण तिथं तसा रोपवे नव्हता. रोपवेचं चित्रीकरण एबेनझेला, फॉयरकोगेल डोंगरावर झालं आणि आतले बरेच प्रसंग इंग्लंडात स्टुडिओत. मारामारीच्या तुकडीचा दिग्दर्शक याकिमा कनुट, ‘बेन-हर’मधली रथांची शर्यत ज्यानं उभी केली तोच. म्हणून डब्याच्या टपावरची ती कुऱ्हाडीची झटापट आजही पोटात गोळा आणते. खाली दरी आहे हे कॅमेरा एक क्षण विसरू देत नाही.

आता आपल्याकडं या. देवगिरी. खंदक, त्यावर एकच वाट, मग अंधारी. मशाल विझली की स्वतःचा हात दिसत नाही आणि पायऱ्या मुद्दाम खालीवर. सरळ चढाई करून हा किल्ला घेणं अशक्य. पण पडला. कसा पडला ते जुना फारसी इतिहासकार फिरिश्ता सांगतो, आणि ती बर्टनच्या वहीच्या तोडीची गोष्ट आहे.

१२९६. अल्लाउद्दीन खिलजी, कडा प्रांताचा सुभेदार, काही हजार घोडेस्वार घेऊन निघाला. दिल्लीत सुलतान असलेल्या चुलत्यालाही पत्ता नाही. वाटेत आवई अशी की चुलत्याशी बिनसलंय, राजमहेंद्रीच्या राजाकडं चाकरीला निघालोय. ही झाली बतावणी नंबर एक. देवगिरीचं मोठं सैन्य राजाच्या मुलाबरोबर, शंकरदेवाबरोबर, बाहेर गेलेलं. राजा रामदेवराव घाईघाईनं किल्ल्यात शिरला, वर चढवलेली पोती धान्याची म्हणून चढवली. खाली अल्लाउद्दीननं दुसरी आवई सोडली: मी तर नुसता पुढचा, मागून सुलतानाची २०,००० ची फौज येतेय. अशी फौज नव्हतीच.

शंकरदेव परतला, भिडला, आणि डाव जवळजवळ जिंकलाही. तेवढ्यात किल्ल्यावर नजर ठेवायला ठेवलेली नुसरतखानाची हजारभर माणसं धावून आली. धुरळा उठला. लोकांनी ओळखलं, आली ती वीस हजारांची फौज! पळापळ. आणि वर किल्ल्यात पोती उघडली तर मीठ.

आठवीच्या सहलीत गाइडनं हे मिठाचं सांगितलं तेव्हा सगळी पोरं हसली होती. मला अजून तो धुरळा दिसतो. अल्लाउद्दीनची वही कोरी होती हो! देवगिरीवाल्यांनी स्वतःच त्यावर २०,००० लिहिले.

---

हुरडा

देवगिरीकर, वाचनखूण साठवली. मी चार वेळा किल्ल्यावर गेलो, दर वेळी वटवाघळांच्या वासाव्यतिरिक्त काही आठवत नाही.

अवांतर: पिक्चरच्या नावाची गंमत. ते शेक्सपिअरच्या ‘तिसरा रिचर्ड’ नाटकातलं. तिथं उलटं आहे: जिथं गरुडही बसायला धजत नाहीत तिथं आता चिमण्या शिकार करायला लागल्यात, जग एवढं बिघडलंय. पिक्चरचं नाव ठेवताना चिमण्या आणि ‘नाही’ दोन्ही गाळून टाकलं. गोष्ट लिहिणारा मॅक्लीनही हुशार माणूस. मूळचा स्कॉटलंडचा, घरची भाषा गेलिक, इंग्रजी नंतर शिकला, मास्तरकी केली आणि इंग्रजीतच एवढा खपला. आपल्या मामाला आशा आहे म्हणायची.

---

मन्याड

गाडी भरून झाली. लिहितो.

माझे आजोबा लढणाऱ्यांतले नव्हते. ज्वारीवाले. १९४७-४८ ला निजामाच्या राज्यात काय चाललं होतं ते इथं सगळ्यांना माहीत आहे. सीमेवर निजामाविरुद्ध लढणाऱ्या स्टेट काँग्रेसचे कॅम्प, आत निजामाच्या बाजूचे रझाकार. ३० जानेवारी १९४८ ला उमरीची बँक लुटली आपल्या लोकांनी. त्या दिवसांत आमच्या वाड्यातल्या पेवात, म्हणजे धान्याच्या जमिनीखालच्या कोठारात, ज्वारीच्या खाली, पोत्यात गुंडाळून काही बंदुका होत्या. किती, ते आजोबांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. महिनाभर होत्या असं आजी म्हणायची.

आता ऐका. गाव ऐंशी उंबऱ्यांचं. पेव उघडायला चार गडी लागतात. पेव अवेळी उघडलं की वास येतो, गल्लीला कळतं. म्हणजे निम्म्या गावाला तरी ठाऊक असणार. रझाकार दोनदा येऊन गेले, एकाला झोडपून काढलं. कुणी तोंड उघडलं नाही. ह्याच गावात नंतर कुणाची म्हैस कुणाच्या उसात गेली हे तासाभरात तालुक्याला कळायचं.

म्हणून म्हणतो, गावाला पोट नाही असं नाही. कोणती गोष्ट कुठं ठेवायची हे गाव ठरवतं.

आता पिक्चरवर. केबल आल्यावर मी आजोबांना हाच ईगल्स दाखवला होता. हॉलमधला प्रसंग त्यांनी बिडी विझवून पाहिला. मी शेजारी बसून समजावून सांगायलोय, हा असं म्हणाला, तो तसं म्हणाला. बर्टनचं ते लांबलचक भाषण संपलं. आजोबा म्हणाले, "हा लई बोलायलाय. एवढं बोलल्यावर धरतात."

मग ईस्टवूडकडं बोट दाखवून, "हे पोरगं बरंय. गप आहे."

---

अर्धा_कप

आजोबांना साष्टांग. ह्या सिनेमावर याहून चांगली टीका मी वाचलेली नाही.

आणि गंमत म्हणजे ईस्टवूडला संवाद खरंच कमी आहेत. बोलायचं सगळं बर्टनकडं, रंगभूमीवरचा आवाज. झाडायचं सगळं ईस्टवूडकडं. दोघांनी आपापला धंदा ओळखला होता.

---

गोदाकाठचा

मन्याड, गावाबद्दलचं माझं वाक्य मागं घेतो. निम्मं तरी. आमच्याकडं पेवात काय होतं ते मला कुणी सांगितलंच नसेल, असंही असू शकतं. आई ८१ वर्षांची आहे, विचारून बघतो.

देवगिरीकर, धुरळ्यावरून लक्षात आलं. बर्टन हॉलमध्ये एक नाव फक्त जर्मन कर्नलला दाखवतो, आपल्याला नाही. कर्नल बघतो आणि मान हलवतो. तेवढ्या एका मान हलवण्यावर तो पुढचं सगळं सैन्य उभं करतो. आपण प्रेक्षकसुद्धा धुरळाच बघत बसतो.

मामाला हा धागा वाचून दाखवला फोनवर. वय ७४. म्हणाला, "हेलिकॉप्टरचं मला तवाच खटकलं होतं." साफ खोटं. त्या वेळी तो शेजारच्या काकूंना सांगत होता की हे जर्मन लोक फवारणीला वापरतात.

पोरानं काल राहिलेली वीस मिनिटं बघितली. विमानातला शेवट झाला, तसा गप बसून राहिला. मग आत जाऊन आईला सांगायला लागला, "मम्मी, तू बघच, मी काही सांगणार नाही." आणि खरंच सांगितलं नाही. घरात पहिल्यांदा.

---

प्रोजेक्टरवाला

शाब्बास पोरा.

---

नवा_गडी

नमस्कार, इथं नवीन आहे. आत्ताच अख्खा धागा वाचून काढला, मस्त. पण अडीच तास बघायला वेळ नाही. ते शेवटचं नाव कुणाचं निघतं तेवढं सांगा ना कुणीतरी. व्यक्तिगत निरोप केला तरी चालेल.

---

बालाघाट

कुठलं नाव?

---

हुरडा

कुठला पिक्चर?

---

अर्धा_कप

आम्ही तर सोयाबीनच्या भावावर बोलत होतो.

---

प्रोजेक्टरवाला

शेवटचं रीळ तुटलंय बाळा. रविवारी ये.